प्रेसनोट: लिहिण्याआधीचे प्रश्न, पाठवल्यानंतरचे फोन

जनसंपर्क विभागात रुजू झाले त्याच आठवड्यात मला एका नव्या प्रशिक्षण केंद्राच्या उद्घाटनाची प्रेसनोट लिहायला सांगितली. भाषा बरी होती, त्यामुळे तासाभराचं काम वाटलं. 'कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की' अशी सुरुवात केली, पाहुण्यांची नावं मानाच्या क्रमाने घातली, संस्थेच्या वाटचालीवर दोन परिच्छेद लिहिले. वरिष्ठांनी कौतुकही केलं. संध्याकाळी एका दैनिकातून उपसंपादकांचा फोन आला. "एका तुकडीत किती जणांना प्रवेश? फी आहे का? अर्ज कधीपासून?" तीनही उत्तरं माझ्याकडे नव्हती. विचारून सांगते म्हटलं, पण ज्यांना विचारायचं ते घरी निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी बातमी कुठेच आली नाही.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हाच प्रसंग आधी सांगते. प्रेसनोट लिहिणं हा कामाचा लहान भाग आहे. आपल्याच संस्थेत टेबलाटेबलावर जाऊन माहिती काढणं हा त्याआधीचा मोठा भाग, आणि पत्रक गेल्यानंतर फोनपाशी असणं हा त्यानंतरचा.

कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहा प्रश्न पत्रकारितेच्या पहिल्या धड्यात शिकवतात. ते हवेतच. पण उपसंपादकांचे खरे प्रश्न त्यापुढचे असतात. याआधी काय व्यवस्था होती? आकडा वाढला म्हणता, तो किती वरून किती झाला? पैसा कोणाचा? कोणाची गैरसोय होणार आहे का? शेवटचा प्रश्न बैठकीत विचारला की काही जण नाराज होतात, तरीही विचारावा. उत्तर पत्रकात जाईलच असं नाही, पण तुमच्या वहीत ते असलंच पाहिजे. कारण फोन येतो तो नेमका त्याच प्रश्नासाठी.

मग लेखन. सर्वांत महत्त्वाचं आधी, तपशील नंतर, पार्श्वभूमी शेवटी. ही उलट्या पिरॅमिडची रचना बातमीची आहे आणि पत्रकानेही तीच पाळायची. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते, म्हणून खालच्या ओळी गेल्या तरी बातमी उभी राहिली पाहिजे. 'संस्थेच्या वतीने दिमाखदार सोहळ्यात उद्घाटन संपन्न झाले' यातून वाचकाला काही मिळत नाही. 'शालेय शिक्षण अर्धवट सुटलेल्या १२० तरुणांना दर वर्षी विद्युत दुरुस्तीचे विनाशुल्क प्रशिक्षण देणारे केंद्र सोमवारपासून सुरू होत आहे' हा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची ओळ, झाला. पाहुणे चौथ्या परिच्छेदात आले तरी चालतात. हे वरिष्ठांना पटवून देणंही आपलंच काम. पुढे नेमका वार आणि तारीख दोन्ही लिहा; 'आज', 'उद्या' लिहाल तर पत्रक एक दिवस उशिरा छापलं गेलं की चुकीचं ठरतं. एकूण मजकूर एका पानात बसवा. 'अभूतपूर्व', 'ऐतिहासिक', 'क्रांतिकारी' हे शब्द उपसंपादक पहिल्या फेरीतच काढतात. नुसते शब्द गेले तर हरकत नाही, पण ते वाचून पत्रकातल्या आकड्यांवरचाही त्यांचा विश्वास कमी होतो.

अवतरणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक पत्रकं तिथेच फसतात. प्रमुखांच्या तोंडी 'हा उपक्रम समाजासाठी महत्त्वाचा आहे' असं वाक्य घातलं की ती ओळ कोणी छापत नाही. जे फक्त तीच व्यक्ती सांगू शकते तेच अवतरणात हवं: निर्णय का घेतला, कोणता पर्याय सोडून दिला, कशाची काळजी वाटते. मी प्रमुखांसमोर दहा मिनिटं बसते, ते बोलतात तसं टिपून घेते आणि त्यातली दोन वाक्यं निवडते. वाक्य आपण नीट केलं असेल तर त्यांची संमती लेखी घ्यावी. न बोललेलं वाक्य कोणाच्याही तोंडी घालून परस्पर पाठवू नये, कितीही घाई असली तरी.

मंजुरीची साखळी लांब असते. मसुदा पाच जणांकडे फिरतो आणि 'अंतिम', 'अंतिम २', 'अंतिम नवीन' अशा फाइल तयार होतात. एकदा माझ्याकडून आधीची फाइल गेली. लाभार्थ्यांची संख्या ३४० होती, पत्रकात ४५० गेली. लक्षात आलं तेव्हा पाऊण तास उलटला होता. मी विषयाच्या ओळीत 'दुरुस्ती' लिहून, दुसऱ्या परिच्छेदात कोणत्या आकड्याऐवजी कोणता वाचावा हे पहिल्याच वाक्यात सांगून सगळ्यांना पुन्हा मेल केला आणि एकेकाला फोनही केला. तरी एका ठिकाणी चुकीचा आकडा छापून आला. तेव्हापासून मंजूर झालेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि पाठवण्याआधी प्रत्येक नाव, आकडा, तारीख कागदावर खूण करत तपासते.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट दिसेल अशा टंकात, मेलच्या अंगातच चिकटवलेला असावा. नुसती पीडीएफ जोडली तर समोरच्याला पुन्हा टंकलेखन करावं लागतं. विषयाच्या ओळीत 'प्रेसनोट' एवढंच न लिहिता मथळा लिहा. छायाचित्र स्वतंत्र जोडा आणि फोटोओळीत डावीकडून कोण कोण हे पूर्ण नावांसह द्या. शंभर पत्ते एकाच ओळीत सगळ्यांना दिसतील असे टाकू नका. पानं लागायच्या वेळी, म्हणजे अंकाची पानं जुळवली जात असताना, फक्त तातडीचंच पाठवावं. आणि फोन करून 'लावताय ना?' असं विचारू नये. नवीन माहिती द्यायची असेल तर जरूर करावा.

अमुक वेळेआधी प्रसिद्ध करू नये अशी अट, म्हणजे एम्बार्गो, घालायचा असेल तर पत्रकाच्या माथ्यावर तारीख आणि वेळ ठळक द्या, पण त्याहून आधी संबंधित पत्रकारांना विचारून घ्या. त्यांनी मान्य न केलेली अट ही फक्त आपली इच्छा असते.

वाईट बातमीच्या वेळी पत्रक लिहिणं सर्वांत अवघड. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. तेव्हा रेल्वे कंपन्या अशा गोष्टी दडपत. कंपनीचं प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या आयव्ही ली यांनी मात्र घटनेचं लेखी निवेदन वृत्तपत्रांना दिलं आणि बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. न्यूयॉर्क टाइम्सने ते निवेदन जसंच्या तसं छापलं. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात बरेच जण तिथून मानतात. या व्यवसायाचा आरंभ लपवण्यातून नव्हे तर सांगण्यातून झाला, याचा मला अभिमान वाटतो. अशा वेळी पत्रकात तीन गोष्टी हव्यात: किती वाजेपर्यंतची माहिती आहे ती वेळ, अजून काय कळलेलं नाही, आणि पुढची माहिती कधी देणार.

पत्रकाच्या खाली संपर्कासाठी नाव आणि नंबर असतो, तो उपचार म्हणून नव्हे. २५ ऑगस्ट २००० रोजी एम्युलेक्स या कंपनीच्या नावाने एक बनावट पत्रक इंटरनेट वायर या कंपन्यांची पत्रकं प्रसारित करणाऱ्या सेवेतून बाहेर पडलं. प्रमुखांनी राजीनामा दिला, नफ्याचे आकडे बदलले, असं त्यात लिहिलं होतं. मोठ्या वृत्तसंस्थांनी ते उचललं आणि खोटं उघड होण्याआधीच शेअरची किंमत निम्म्याहून खाली गेली. बातमीदार पडताळणीसाठी फोन करतात तेव्हा वैतागू नका. तो फोन तुमच्या संस्थेचंही रक्षण करतो. म्हणून नंबर अशाच माणसाचा द्या, जो पानं सुटेपर्यंत, म्हणजे छपाईला जाईपर्यंत, जागेवर असेल आणि ज्याने पत्रक स्वतः वाचलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं आणि आपलं मूळ पत्रक एका वहीत शेजारी चिकटवा आणि कोणत्या ओळी राहिल्या, कोणत्या उडाल्या, यावर पेनाने खुणा करा. पहिलं वर्षभर माझा दुसऱ्या परिच्छेदाखालचा जवळजवळ सगळा मजकूर उडायचा. हळूहळू खुणा कमी झाल्या, कारण उडणाऱ्या ओळी मी लिहिणंच थांबवलं. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि नवीन कोणी रुजू झालं की पहिल्या दिवशी मी ती त्यांच्या हातात देते.