अमेरिकन गव्हर्नरची पॉवर मोजताय? या चुका टाळा

पहिली चूक तर भाषेतच होते. आपले पेपर गव्हर्नरला सर्रास 'राज्यपाल' लिहितात, मग डोळ्यासमोर राजभवन येतं आणि सगळं गणित तिथेच गंडतं. तिकडचा गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो, कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, फक्त विधिमंडळात बहुमत नसलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही.

मोजताना दोन खाती ठेवतात. एक पदाचं: मुदत, नेमणुका, बजेट, व्हेटो (म्हणजे विधिमंडळाने मंजूर केलेलं नाकारण्याचा अधिकार), गव्हर्नरने न नेमता वेगळे निवडून येणारे अधिकारी, विधिमंडळात पक्षाचं बळ. दुसरं माणसाचं: किती फरकाने जिंकला, कुठली पदं करत इथवर आला, अजून किती दिवस राहणार, लोक खूश आहेत का. पाचपैकी मार्क द्यायचे, सरासरी काढायची. ही खाती एकत्र केलीत की संपलं. न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी बघा, २०१२ च्या सँडी वादळानंतर लोकांच्या पसंतीचं रेटिंग सत्तरीच्या पुढे आणि जून २०१७ च्या एका पोलमध्ये फक्त १५ टक्के, पद तेच, अधिकारही जवळपास तेच.

व्हेटो आहे म्हणून डोळे झाकून पाच मार्क देऊ नका हो. केंटकीत डेमोक्रॅट गव्हर्नर अँडी बेशियर २०२३ मध्ये पुन्हा आरामात जिंकले, पण तिथे व्हेटो मोडायला दोन्ही सभागृहांत साधं बहुमत पुरतं आणि ते रिपब्लिकनांकडे भरपूर आहे, त्यामुळे व्हेटो करायचा आणि त्यांनी तो मोडायचा असंच चालतं. उलट विस्कॉन्सिन! २०२३ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्सनी व्हेटो वापरून बजेटमधल्या '२०२४-२५' मधला '२०' आणि मधली रेघ खोडली, उरलं २४२५, म्हणजे दोन वर्षांची शाळांच्या निधीतली वाढ थेट चारशे वर्षं, आणि २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते चालवूनही घेतलं. दोन्हीकडे रकान्यात 'व्हेटो: आहे' एवढंच लिहिणार का?

स्कोअर विचित्र आला तर आधी एकच गोष्ट दोनदा मोजली नाही ना ते बघा. व्हर्जिनियात लागोपाठ दुसरी टर्म मिळतच नाही, त्यामुळे मुदतीत मार्क जातात आणि 'अजून किती दिवस' मध्येही तेच परत कापले जातात. मग तक्त्याची तारीख बघा, मेरीलँडमध्ये पूर्वी विधिमंडळाला बजेट फक्त कापता यायचं, २०२० च्या घटनादुरुस्तीने ते बदललं, जुन्या तक्त्यात मात्र गव्हर्नर अजून राजाच.

आणि टेक्सास. कागदावर गव्हर्नर कमजोर, अ‍ॅटर्नी जनरलपासून शेती आयुक्तापर्यंत सगळे वेगळे निवडून येतात. पण टर्मला मर्यादा नाही, गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट २०१५ पासून बसलेत आणि सरकारी बोर्डांवर गव्हर्नर नेमतो ते सदस्य बहुतेक सहा-सहा वर्षांचे, मग इतक्या वर्षांत तिथे कोणाची माणसं असणार? हे सरासरीत दिसत नाही, बोर्डांची यादी उघडूनच बघावं लागतं.