घोडा स्वस्त, घास महाग : पुण्यात घोडा पाळताना या चुका टाळा

‘नाल सापडली म्हणून घोडा घेतला’ असं आपण दुसऱ्याला हसताना म्हणतो. माझ्या बाबतीत नालेच्या जागी खोगीर होतं. २०१९ च्या पावसाळ्यात कॅम्पात एक जुनं कातडी खोगीर निम्म्या किमतीत मिळालं. चार महिने ते कोथरूडच्या बाल्कनीत पडून होतं, येणारे-जाणारे त्यावर टॉवेल वाळत घालायचे. डिसेंबरात मी सारंगखेड्याला गेले आणि ८५,००० रुपयांना एक घोडी घेऊन आले. नाव सावळी.

तेव्हापासून पैसे कुठे कुठे गेले याची एक वही मी ठेवली आहे. ती चाळताना लक्षात येतं की मोठे खर्च बहुतेक सगळे छोट्या काटकसरीतून आले. ज्याला आत्ता घोडा घ्यायची हौस आली आहे त्याच्यासाठी त्या वहीतलं थोडंफार.

भोवरा बघून घोडा घेऊ नका

तापीकाठचा सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला भरतो. रंग, आयाळ, कानांची कमान, आणि त्याहून जास्त बोलबाला भोवऱ्यांचा, म्हणजे अंगावरच्या केसांच्या गोल वळणांचा. विकणाऱ्याने सावळीच्या गळ्यावरचा भोवरा दाखवून ‘देवमण आहे, घराची भरभराट होईल’ असं सांगितलं. भरभराट झाली, पण डॉक्टरांच्या घराची. वय पाच सांगितलं होतं. पुण्यात आल्यावर डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, आठ तरी असेल. पाचव्या वर्षाच्या सुमारास घोड्याचे सगळे पक्के दात येतात. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून ओळखायचं असतं आणि ते ओळखणारा माणूस बाजारात आपल्या बाजूचा असावा लागतो.

मी काय बघायला हवं होतं? पाठीवर, खांद्याच्या उंचवट्यापाशी, पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का. ती जुन्या खोगीराच्या जखमांची खूण. मग कडक जमिनीवर दुडकी चालवून घ्यायची आणि डोकं बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. आणि तोच घोडा दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जाऊन बघायचा, कारण सौद्याच्या दिवशी फार शांत असलेलं जनावर नेहमीच स्वभावाने शांत असतं असं नाही.

एक गोष्ट मात्र हौशीवर सोडायची नाही. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि तपासणीत सापडला तर घोडा मारावाच लागतो. नवीन जनावर पागेत आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब बांधा, त्याची बादलीसुद्धा वेगळी ठेवा.

रेसचा घोडा फुकट मिळाला तरी

पुण्यात रेसचा हंगाम पावसाळ्याचा. तो संपत आला की कुणीतरी सांगतंच, ‘अमक्याचा घोडा निवृत्त होतोय, नुसता घेऊन जा.’ सहा वर्षांचं उमदं थरोब्रेड, उंची, चकाकणारी कातडी आणि किंमत शून्य. माझ्या एका मित्राने असाच एक खच्ची केलेला घोडा घेतला.

रेसच्या घोड्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं की लगाम ताणला गेला म्हणजे त्यावर भार टाकून पळायचं. आपण थांबवायला दोन्ही हातांनी ओढतो, तो समजतो ‘चला’. मुळशीच्या रस्त्यावर मित्राने जितका जोर लावला तितका घोडा सुटला, आणि दोघं जुलैच्या भातखाचरात थांबले. घोडा उभा, मित्र आडवा. खांद्याचं हाड मोडलं, वर खाचरमालकाला रोपांची भरपाई द्यावी लागली ती वेगळी.

असा घोडा घ्यायचाच असेल तर पहिले काही महिने त्याच्यावर बसायची घाई करू नका. मोकळं सोडा, भरपूर वैरण द्या, चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, हळूहळू कमी करा (रेसच्या घोड्यांत पोटातले अल्सर सर्रास असतात), मग चालीवर गोल-गोल फिरवत नव्याने शिकवा. थांबवायचं झालं तर दोन्हीकडे ओढत बसण्यापेक्षा एकाच बाजूचा लगाम हळूहळू आत घेत वर्तुळ लहान करत न्यायचं. वळणारा घोडा भरधाव राहू शकत नाही.

खरा खर्च पोटाचा

पहिल्या वर्षी पागेचं भाडं महिना १३,००० होतं, म्हणजे वर्षाला १,५६,०००. घोडीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. त्यात जागा आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस), चंदी-वैरण आपली. आता तेच भाडं २२,००० आहे. पिरंगुटपलीकडे जिथे कुरण होतं तिथे बंगल्यांचे प्लॉट पडलेत. घोडा समजणारा मोतद्दार मिळणं दुर्मीळ झालंय. आणि ज्वारी सोडून शेतकरी ऊस-सोयाबीनकडे वळला, तसा कडबा महागला.

४०० किलोच्या घोडीला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ८ किलो कोरडी वैरण धरा. वर्षाला जवळजवळ ३ टन. शिवाय दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. या आकड्यात काटछाट करायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला.

एका जुलैत स्वस्तात कडब्याचा टेम्पो मिळाला. अडीच हजार वाचले. पेंढ्यांच्या आत काळसर डाग होते, हात घातला की दमट आणि कोमट लागायचं, आणि झटकलं की बारीक धूळ उडून खोकला यायचा. मी म्हटलं, वरचा थर काढून टाकू. तिसऱ्या रात्री साडेदहाला मोतद्दारमामांचा फोन. “ताई, घोडी पोटाकडं बघतीया.”

मला कळलंच नाही. पोटाकडे बघतेय तर बघू दे! मामांनी पुन्हा सांगितलं, मान वळवून कुशीकडं बघतीया, पुढच्या पायानं जमीन खरवडतीया, चंदीला तोंड लावत नाही. चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत त्या रात्री पाऊस आणि ट्रक यांच्यातून कशी गेले ते आठवत नाही. पोचले तेव्हा सावळी घामाने भिजली होती आणि मामा तिला हळूहळू चालवत होते.

घोड्याला उलटी करता येत नाही. जठर लहान, आतडं प्रचंड लांब आणि वळणांचं. पोट फुगलं तर वरून सुटका नाही. म्हणून आपल्याकडे गाई-बैलांना करतात तसं नळ्यातून किंवा बाटलीने तेल घशात ओतू नका. ते फुप्फुसात उतरलं तर पोटशूळ राहतो बाजूला आणि घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून नळी जठरात घालतात आणि त्यातून औषध देतात, ते त्यांचंच काम. त्या रात्री डॉक्टर, औषधं, सलाईन मिळून साडेतेरा हजार गेले. पहाटे चारच्या सुमारास सावळीने लीद टाकली. माणसाच्या डोळ्यांत लीद बघून पाणी यावं असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

तुमच्याकडे ही वेळ आली तर डॉक्टर येईपर्यंत एवढंच करा. पुढ्यातली वैरण-चंदी उचला. कुशीला कान लावा. निरोगी पोट सतत गुरगुरतं, शांत पोट ही वाईट बातमी. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजा. आरामात उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, ६० च्या वर गेली असेल तर फोनवर डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा. गडबडा लोळायला लागला तर धरून चालवा, शांत पडून असेल तर उगाच दमवू नका. आणि डॉक्टरांचा नंबर आजच घेऊन ठेवा. गाई-म्हशींचे डॉक्टर गावोगाव भेटतात, पण रात्री अकराला घोड्यासाठी येणारा शोधायला ती वेळ चांगली नाही.

पोटाच्या बाकीच्या चुका लवकर उरकते. चंदी एकदम बदलू नका, नवं धान्य आठ-दहा दिवसांत थोडं-थोडं मिसळत न्या. हिरवी ज्वारी घालू नका. कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य घोड्यापुढे ठेवू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, कोंबडीला ते पचतं, घोड्याच्या हृदयाला मारक ठरतं. लाडाने गुळाचे खडे भरवणाऱ्या पाहुण्यांवर नजर ठेवा. आणि कण्हेर. पुण्याच्या आसपास प्रत्येक फार्महाऊसच्या कुंपणाला आणि हायवेच्या दुभाजकावर कण्हेर आहे. तिची मूठभर पानं घोड्याला पुरतात, आणि वाळल्यावरही विष जात नाही. फेरफटक्यात घोडा थांबून पाला ओरबाडतो तेव्हा आपण ‘खाऊ दे बिचारीला’ म्हणतो. आधी झाड ओळखा.

नाल पुढच्या महिन्यात बघू

दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद हवा. मी एकदा दहा आठवडे ओढले. डांबरी रस्त्यावर एक नाल निघाली ती खुराची कडा घेऊनच. खूर वरून खालपर्यंत नवा यायला जवळजवळ वर्ष लागतं. घोडी तीन महिने बसून, भाडं चालू. बैलाला पत्री मारणाऱ्याकडून घोड्याला नाल ठोकून घेऊ नका, दोन्ही कामं वेगळी आहेत.

पावसाळ्यात रोज चारही पाय उचलून खूर साफ करा. तळव्यातल्या मऊ भागाच्या खाचेत काळा, कुजका वास येणारा लगदा दिसला की खूर सडायला लागलं समजा. उपचार सुरू करा, पण आधी पागेतला चिखल काढा, नुसत्या औषधाने ते थांबत नाही.

दरवर्षी धनुर्वाताची लस चुकवायची नाही. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आणि लसीची किंमत त्या आजारापुढे काहीच नाही. दातांच्या टोकदार कडाही वर्षातून एकदा घासून घ्याव्या लागतात. घोडा चावलेल्या वैरणीचे गोळे तोंडातून खाली टाकत असेल तर दात बघा.

आणि ते बाल्कनीतलं खोगीर

ते सावळीला कधीच बसलं नाही. मला वाटलं, खाली जाड घोंगडी टाकली की झालं. पंधरा दिवसांत खांद्यामागे पाठ सोलवटली. फेरी मारून आल्यावर खोगीर काढून पाठ बघायची सवय ठेवा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच रुपयाएवढा कोरडा ठिपका असेल, तर दाब तिथे पडतोय. कण्याला खोगीर टेकता कामा नये. शेवटी सावळीच्या मापाचं नवं खोगीर शिवून घेतलं, ते जुन्याच्या चौपट किमतीला. जुनं विकायला काढलंय, घेणाऱ्याकडे आधी घोडा आहे का ते विचारते.

खोगीर नीट असलं तरी तंगाची, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याची, एक गंमत आहे. तंग आवळताना घोडी पोट फुगवून उभी राहते. आपण रिकिबीत पाय घालतो, दहा पावलांवर ती श्वास सोडते, आणि खोगीर आपल्यासकट पोटाखाली सरकायला लागतं. मी तशी सरकले आहे, शेणाच्या उकिरड्यावर, पागेतल्या सगळ्या मुलांसमोर. पाच मिनिटं चालवून तंग पुन्हा आवळा, मगच मांड टाका. बूट टाचेचे घाला. सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आरपार जातात, पडलात तर पाय अडकून फरफट होते. एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, बाहेरून कितीही धड दिसलं तरी. आणि वजन. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. चारशे किलोच्या घोडीवर ऐंशी किलो. दिवाळीत फराळ झाल्यावर मी हा हिशोब पुन्हा करते.

‘लग्नाला भाड्याने द्या ना’

सोसायटीतल्या प्रत्येक काकांनी हे सुचवलंय. वरातीची घोडी वर्षानुवर्षं बँड, दिवे, फटाके यांच्यात तयार केलेली असते. माझी घोडी सुतळी बॉम्बच्या आवाजाने कुंपण ओलांडते. नवरदेवाला मंडपात पोचवण्याऐवजी ती ताम्हिणीत पोचवेल. घोड्यातून खर्च निघेल या हिशोबाने घोडा घेऊ नका.

मग ठेवलीय कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर जरा अडखळतंच. गाडीचा आवाज ओळखून ती फाटकापाशी खिंकाळते. खरारा करताना खालचा ओठ लोंबकळतो, डोळे अर्धे मिटतात. सप्टेंबरात मुळशीकडच्या माळावर, गुडघाभर गवतात, ती स्वतःहून दुडकीवरून चौखूर उधळते, आणि तेवढी दोन मिनिटं ऑफिसातला एकही ईमेल आठवत नाही. बाकी महिनाभर मी त्या दोन मिनिटांचे हप्ते भरते, हे मान्य.

घेण्याआधी आणखी एक आकडेमोड करा. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला आवड आहे, म्हणून घोडा घेणाऱ्यांनी मुलगी पुढे शिकायला बाहेर जाईल तेव्हा त्याचं काय, हे आधी ठरवावं. सावळी आता चौदाची आहे. परवा पागेत बसून मी मामांना सांगितलं, ही तिशीला पोचली तर मी त्रेसष्टची असेन.

मामा नालेचा खिळा ठोकून बघत होते. मान वर न करता म्हणाले, “अन् माझं काय वय धरलंय तुम्ही?”