कॅन्सरसाठीच्या लांब सायकल राईडला यायचंय? गोव्यात राहून तयारी अशी करा

दरवर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास मला चार-पाच जणांचे मेसेज येतात, यंदा मलाही त्या राईडला यायचंय, काय काय लागतं ते सांग म्हणून. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. आमची राईड जानेवारीत असते, दोन दिवसांची, पहिल्या दिवशी पेडण्याहून काणकोण आणि दुसऱ्या दिवशी परत. हायवेने सरळ गेलं तर एका बाजूने साधारण १०० किलोमीटर, आम्ही डिचोली, साखळी, फोंडा असं आतून जातो म्हणून थोडे जास्तच पडतात. जमलेले पैसे मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या कॅन्सर पेशंटांच्या राहण्याजेवणावर खर्च होतात.

नाव दिलं की बहुतेक जण आधी सायकलच्या दुकानात जातात. मी सांगते, आधी पैसे मागायला लागा, सायकल नंतर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पॅन-मास चॅलेंज नावाची राईड आहे, बिली स्टार नावाच्या माणसाची आई मेलानोमाने, म्हणजे एका प्रकारच्या कातडीच्या कॅन्सरने, गेली आणि त्याने १९८० मध्ये ३६ जणांना घेऊन स्प्रिंगफिल्ड ते प्रॉव्हिन्सटाउन सायकली नेल्या, १०,२०० डॉलर जमवून बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला दिले, आणि ती राईड अजून दरवर्षी चालू आहे. तिथे नाव नोंदवतानाच अमुक इतकी रक्कम जमवून देईन असं कबूल करावं लागतं. आम्हीही तसंच ठेवलंय, कारण आकडा समोर असला की माणूस लाज बाजूला ठेवून मागतो.

आणि लाज वाटतेच, मला पहिल्या वर्षी फार वाटली. त्यावर उपाय एकच, समोर बसून, नाव घेऊन, आकडा सांगून मागायचं. ग्रुपवर सगळ्यांना एकच मेसेज टाकला तर प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी देईल. चवथीला मूळ घरी सगळे जमतात, मुंबईवाले, गल्फवाले, एरवी वर्षभर न दिसणारेही, तेव्हा आरती आणि जेवण आटोपून सगळे निवांत बसले की बोला. मी काकीला असं विचारलं होतं, "काकी, मी जानेवारीत पेडण्याहून काणकोणला सायकलने जाऊन परत येणार, २०० किलोमीटर, किलोमीटरला ५ रुपये धरले तर १,००० होतात, तू देशील?" काकीने आत जाऊन पाकीट आणलं आणि शेजारच्या दोघींकडूनही घेऊन दिले. भजनी मंडळ, महिला मंडळ, ऑफिस, जत्रेला भेटणारे लोक, कुठेही विचारा, फक्त एकेकाला विचारा.

एक प्रश्न हमखास येतो, कॅन्सर पेशंटला रेल्वे फुकट असते ना, मग पैसे कशाला? याचं उत्तर तयार ठेवा. पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत शंभर टक्के सवलत असते हे खरंय, सोबतच्या माणसालाही बरीच असते. पण खर्च गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. माझ्या आतेला आम्ही कोकणकन्येने परळला टाटा मेमोरियलला न्यायचो, १९४१ पासून चालू असलेलं हॉस्पिटल, देशभरातून लोक येतात. केमो साधारण तीन आठवड्यांनी एकदा असायची तेव्हा जाऊन-येऊन तरी निभलं, पण रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस आणि असे कितीतरी आठवडे, मग मुंबईत राहावंच लागतं, भाडं, जेवण, आणि सोबत जो राहिला त्याचा इथला रोजगार बुडतो तो वेगळा. फूटपाथवर चटई टाकून झोपलेली माणसं मी तिथे बघितलीत. हे शांतपणे सांगितलं की लोक देतात.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, पेशंटांसाठी ते खर्च करणाऱ्या संस्थेच्या खात्यात सरळ जाऊ द्या. देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये देणगीवरची, म्हणजे ८०जीची, सूट हवी असेल तर पॅन नंबर घ्यावा लागतो, २,००० रुपयांच्या वर कॅशने दिले तर सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रेजीम घेतलेल्याला ती सूट नाहीच. हे आधीच स्पष्ट सांगा, मागाहून कळलं की माणूस नाराज होतो.

आता सायकल. महागडी लागत नाही. गिअरवाली हायब्रिड चालते, फक्त सगळ्यात हलका गिअर चढावर पाय फिरू देईल इतका हलका पाहिजे. सीटची उंची बघायला सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चालवताना चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडासाच वाक राहतो. सीट खाली ठेवून १०० किलोमीटर गेलात तर गुडघे दुखणार. पॅडवाली शॉर्ट घ्या, आत अंडरवेअर घालायची नाही, आणि मांडीला घासतं तिथे व्हॅसलिन लावा, पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवेना. समुद्रकाठच्या खारट हवेने चेन गंजते आणि डिचोली-साखळीकडची लाल धूळ तेलात मिसळून चेन खाते, म्हणून दर राईडनंतर फडक्याने पुसून थोडंसंच तेल. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप सोबत, आणि पंक्चर स्वतः काढायला घरीच शिका, दोनतीनदा करून बघा.

ट्रेनिंगला १४ ते १६ आठवडे धरा, म्हणजे चवथ झाली की सुरू. पाऊस मध्ये मध्ये येतोच, येऊ दे, निसरड्या रस्त्यावर सावकाश चालवायची सवय होते. मग ऑक्टोबरचा उकाडा, त्यात नऊनंतर चालवू नका, पहाटे साडेपाचला निघायचं आणि साडेआठला घरी. त्या वेळी रस्त्यावर आपण आणि पोदेर (पाववाला), दोघेच सायकलवाले. पाठीमागे पावांची भलीमोठी टोपली घेऊन तो रोज तोच चढ चढतो, गाडी आली की कडेला कसा येतो, वळणाआधी हॉर्न कसा मारतो ते बघून ठेवा, मला ग्रुपमध्ये चालवताना त्याचा खूप उपयोग झालाय.

आठवड्यात दोन छोट्या राईड, तासाभराच्या, आणि रविवारी एक लांब. लांब राईड दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा, ३० वरून ३५, ४० अशी, एकदम उडी नको, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करा म्हणजे अंग सावरतं. सुरुवातीला दिवाडी बेट छान, फेरीने पलीकडे गेलं की बराचसा सपाट रस्ता आणि गाड्या कमी. नंतर फोंड्यात राहणाऱ्यांनी फर्मागुडीचा चढ तीन-चार वेळा चढायचा उतरायचा. डिसेंबरमध्ये एकदा तरी शनिवारी ७० आणि लगेच रविवारी ६० असं करा, हे चुकवू नका, कारण दोन दिवसांच्या राईडचं खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी असतं, पाय जड असताना. शेवटच्या आठवड्यात हलकं चालवा आणि झोपा.

खाण्याचं मी जास्त सांगणार, कारण पहिल्या वर्षी माझं तिथेच चुकलं. मी नुसतं पाणी पीत होते, घाम इतका की जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे, आणि काणकोणच्या वाटेवरच्या करमलच्या घाटात दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, मागून येणाऱ्या दोघांनी खाली बसवून मीठ-साखरेचं पाणी दिलं तेव्हा उठले. तासाला निदान अर्धा लिटर प्यायचं, आणि त्यात मीठ गेलं पाहिजे. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने नको. घरी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. मी एका बाटलीत कोकमाचं आगळ, मीठ, साखर घालून नेते, दुसरीत साधं पाणी. आडसर (शहाळं) मिळाला तर उत्तमच पण त्यात मीठ कमी असतं, त्याच्यावरच भागवू नका.

आदल्या रात्री नेहमीचं शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), तिखट कमी. पहाटे पेज, ती पोटाला सोसते. वाटेत भूक लागायची वाट बघू नका, घड्याळ बघून दर पाऊण तासाला काहीतरी, केळं, खजूर, अर्धी पोई (कोंड्याचा पाव) गूळ लावून. वाटेतल्या हॉटेलात भाजी-पाव आणि मिरची भजी समोर आली की हात जातोच, ते फिनिशला खा. आणि जे खाणार ते ट्रेनिंगमध्ये आधी खाऊन बघितलेलं असू दे.

राईडच्या दिवशी सुरुवातीला सगळे जोरात सुटतात, तुम्ही सुटू नका. पहिले २० किलोमीटर बाजूच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. ग्रुपमध्ये पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा आणि मोठ्याने ओरडायचं, मागच्याने गाडी आली की ओरडायचं, अचानक ब्रेक मारायचा नाही, दोघांपेक्षा जास्त आडवे चालायचे नाहीत. फेरी, पूल, स्पीडब्रेकर इथे एकामागे एक. कुंकळ्ळी-बाळ्ळी सोडलं की करमल घाट, जंगलातला रस्ता, वळणं आंधळी आणि बस-ट्रक दोन्ही बाजूंनी. चढताना हलक्या गिअरवर बसून चढा, उतरताना वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, वळणात शिरल्यावर नाही. दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो, जाताना तो पाठीवर असतो आणि परतताना तोंडावर, म्हणून दुसऱ्या दिवशी जितकं लवकर निघाल तितकं बरं, आणि वाऱ्यात पाळीपाळीने पुढे राहा. थकून सपोर्ट गाडीत बसावं लागलं तर बसा, देणाऱ्यांनी दिलेले पैसे त्यामुळे परत जात नाहीत.

ज्यांनी स्वतः उपचार घेतलेत त्यांना यायचं असेल तर या, पण आपल्या ऑन्कोलॉजिस्टला विचारूनच. केमो चालू असताना प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर छोटं पडणंही महागात पडतं. छातीजवळ पोर्ट (केमोचं औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर पाठपिशवीचा पट्टा त्यावर येऊ देऊ नका. ब्रेस्टच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, तासन्‌तास हँडलवर भार देणं, उन्हात भाजणं, खरचटणं हे सांभाळावं लागतं, डॉक्टरने सुजेसाठी हातावर घालायची घट्ट स्लीव्ह सांगितली असेल तर घाला. आमच्यातली एक बाई दोन वर्षं सपोर्ट गाडीत पाणी वाटत होती, तिसऱ्या वर्षी शेवटचे २५ किलोमीटर चालवले.

हँडलला आम्ही रिबन बांधतो, ज्याच्यासाठी चालवतोय त्याचं नाव लिहून. नाव लिहायच्या आधी त्या माणसाला विचारा, गेलेला असेल तर घरच्यांना विचारा. फोटो आणि आजाराची गोष्ट तर विचारल्याशिवाय कुठेच टाकू नका. कितीतरी घरांत अजून शेजाऱ्यांनाही सांगितलेलं नसतं, मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू असतं, नोकरीचा प्रश्न असतो. माझ्या आतेने पहिल्या वर्षी नको म्हटलं होतं, मी कोरी रिबन बांधली. पुढच्या वर्षी तिने स्वतःच स्केचपेनने लिहून दिलं.

राईड संपली की आठवड्याच्या आत प्रत्येक देणाऱ्याला फोन किंवा मेसेज करा, किती जमले, कुठे गेले, आणि देव बरें करूं, म्हणजे आभार. आर्थिक वर्ष संपल्यावर ८०जीचं सर्टिफिकेट, फॉर्म १०बीई, संस्थेने ३१ मेपर्यंत द्यायचं असतं, ते मिळालं का हे त्यांना तुम्हीच मे महिन्यात विचारा, नसेल तर संस्थेच्या मागे लागून काढून द्या. चवथीला परत त्यांच्याच घरी जायचं असतं.