टेट्राक्वार्कची बातमी वाचताना क्वार्क कसे मोजायचे

क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांच्या आतले छोटे घटक, अँटीक्वार्क म्हणजे त्यांचे प्रतिकण, आणि टेट्राक्वार्क म्हणजे दोन क्वार्क आणि दोन अँटीक्वार्क मिळून झालेला कण. नवीन टेट्राक्वार्क सापडला अशी बातमी आली की सगळ्यात आधी तो कण फुटून काय काय बाहेर पडलं ते शोधा, नाव आणि वस्तुमान नंतर बघू. कारण स्ट्राँग फोर्सच्या (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या) डिकेमध्ये, म्हणजे कण फुटताना, क्वार्कचा प्रकार (अप, डाऊन, चार्म वगैरे) बदलत नाही, फार तर क्वार्क-अँटीक्वार्कची जोडी तयार होते नाहीतर नाहीशी होते, म्हणजे हिशोब उलटा मांडता येतो.

झेडसी ३९०० हा कण घ्या (नावातला आकडा म्हणजे साधारण वस्तुमान, एमईव्ही या एककात), २०१३ मध्ये बेस-थ्री आणि बेल या दोन प्रयोगांत दिसलेला. तो जे/साय आणि चार्ज असलेल्या पायॉनमध्ये फुटतो. जे/साय म्हणजे चार्म-अँटीचार्म, पायॉन प्लस म्हणजे अप आणि अँटीडाऊन. आता चार्मची जोडी मधेच तयार झाली असेल असं वाटेल, पण चार्म इतका जड आहे की अशा डिकेत त्याची जोडी नव्याने निघणं जवळपास होतच नाही, म्हणजे ती आधीपासून आत होती, आणि नुसत्या चार्म-अँटीचार्मला चार्ज येणार कुठून? झाले की कमीत कमी चार!

माझा सगळ्यात आवडता टीसीसी प्लस, एलएचसीबी या प्रयोगाने २०२१ मध्ये जाहीर केलेला. त्यातून दोन डी-झिरो आणि एक पायॉन प्लस निघतात. प्रत्येक डी-झिरोत एक चार्म, एक अँटीअप. पायॉनमधला अप एका अँटीअपबरोबर काटा, उरतात दोन चार्म, एक अँटीअप, एक अँटीडाऊन. साध्या मेसॉनमध्ये (एक क्वार्क, एक अँटीक्वार्क असा कण) क्वार्क एकच असतो, तिथे दोन चार्म बसणारच नाहीत. किती स्वच्छ पुरावा आहे बघा!

एक्स ३८७२ ला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्याला चार्जच नाही. बेलला तो २००३ मध्ये सापडला. इथे वस्तुमानांची बेरीज करा: डी-झिरो साधारण १८६४.८ एमईव्ही, डी-स्टार-झिरो (डी-झिरोचंच जास्त ऊर्जेचं रूप) २००६.९, मिळून ३८७१.७, आणि हा कण जवळजवळ त्याच आकड्यावर बसलाय. म्हणून बरेच जण त्याला दोन मेसॉनचा सैल रेणू मानतात, पण वाद अजून मिटलेला नाही त्यामुळे घाईने शिक्का मारू नका.

शेवटी डेटा किती आहे ते बघाच. २००३ मध्ये गाजलेला थीटा प्लस पेंटाक्वार्क (चार क्वार्क आणि एक अँटीक्वार्क असा कण) पुढे जास्त डेटा घेतल्यावर दिसेनासाच झाला, आणि एलएचसीबीचा २०१५ चा ४४५० वाला पेंटाक्वार्क २०१९ मध्ये नीट पाहिला तर ४४४० आणि ४४५७ असे दोन वेगळे निघाले.