उलटा चेहरा ओळखताना मेंदू का अडखळतो : कॉलेजात करून पाहण्याचा प्रयोग

विज्ञान प्रदर्शनात मेंदूवरचा प्रकल्प म्हटला की बहुतेक ठिकाणी थर्माकोलचा रंगवलेला मेंदू दिसतो. त्याऐवजी खराखुरा प्रयोग करा. एक लॅपटॉप, एक मोबाईल कॅमेरा आणि २४ माणसं पुरतात.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवलेला हा परिणाम आहे. घराचं चित्र उलटं दाखवलं की लक्षात ठेवायला थोडं जड जातं, चेहरा उलटा दाखवला की फारच जड जातं. डोळे, नाक, ओठ सगळं तेच असतं, तरीही जमत नाही. कारण सरळ चेहरा आपण तुकड्यातुकड्यांनी नव्हे, एकसंध बघतो. डोळ्यांमधलं अंतर, नाकापासून ओठांपर्यंतची जागा हे सारं एका दमात टिपतो. चेहरा उलटा झाला की ही सोय कामी येत नाही.

प्रयोगाचा जीव तुलनेत आहे. नुसते चेहरे उलटे करून गुण घसरले, तर काहीच सिद्ध होत नाही, कारण उलटी कुठलीही गोष्ट ओळखायला अवघडच. सोलापुरात तुलनेसाठी चादर सुचणं साहजिक आहे, पण ती घेऊ नका. चादरीची नक्षी बहुधा वरून-खालून सारखीच असते, उलटी केली तरी तिचं काही बिघडत नाही. वस्तूला ठरलेलं वर आणि खाली हवं. घराचा दर्शनी भाग उत्तम. बाळीवेस, शुक्रवार पेठ, रेल्वे लाइन्स एवढ्या भागात ४८ घरं सहज मिळतील. इंद्रभुवनसारखी सगळ्यांच्या ओळखीची इमारत मात्र नको. नावाची पाटी, दुकानाचा फलक, दारातली गाडी फोटोतून कापा. एक अक्षर जरी दिसलं तरी माणूस घर सोडून तेच लक्षात ठेवतो.

चेहरेही ४८ लागतात आणि ते भाग घेणाऱ्यांच्या ओळखीचे नसावेत. सोपा मार्ग म्हणजे बार्शी किंवा पंढरपूरच्या कॉलेजशी फोटोंची अदलाबदल करायची. फोटोसाठी लेखी संमती घ्या, अठरा वर्षांखालील असतील तर पालकांची सही घ्या. चष्मा, टिकली, विभूती, कानातलं काढायला सांगा. तोंड मिटलेलं, नजर कॅमेऱ्याकडे. कॅमेरा दीड मीटरवर धरा आणि झूम वापरा, जवळून काढलं की नाक मोठं दिसतं. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते. तो फोटो उलटा केला की उजेड खालून आल्यासारखा वाटतो आणि चेहरा त्यामुळेच ओळखेनासा होतो. मग गुण उलटेपणामुळे घसरले की सावलीमुळे, हे सांगता येत नाही. म्हणून सकाळी, सावलीत, सपाट उजेडात फोटो काढा. केस आणि कपडे जातील असा लंबगोल कापा, सगळी चित्रं कृष्णधवल करा.

आता मांडणी. चेहऱ्यांचे २४-२४ चे दोन संच करा, घरांचेही तसेच. प्रत्येक संचातली १२ चित्रं आधी दाखवायची, उरलेली १२ नवी. प्रत्येक दाखवलेल्या चित्राला त्याच्याच तोडीचं नवं चित्र जोडा : दाढीवाल्यासमोर दाढीवाला, तरुणीसमोर तरुणी. एका फेरीत १२ चित्रं एकेक करून ३ सेकंद दाखवा, मध्ये १ सेकंद रिकामा पडदा. मग १२ जोड्या दाखवा आणि विचारा, यातलं आधी कोणतं पाहिलं, डावं की उजवं? बरोबर उत्तर सहा वेळा डावीकडे, सहा वेळा उजवीकडे, क्रम मिसळलेला. नुसत्या अंदाजानेही १२ पैकी साधारण ६ येतात, हे ध्यानात असू द्या.

अशा चार फेऱ्या : चेहरे सरळ, चेहरे उलटे, घरं सरळ, घरं उलटी. उलट्या फेरीत पाहणं आणि ओळखणं दोन्ही उलटंच. निम्म्या लोकांना पहिला संच सरळ आणि दुसरा उलटा, बाकीच्यांना याच्या बरोबर उलट. फेऱ्यांचे चार क्रम ठेवा, म्हणजे प्रत्येक फेरी कुणाला तरी पहिली आणि कुणाला तरी शेवटची येईल. दोन मांडण्या, चार क्रम, मिळून आठ प्रकार. प्रत्येकी तीन माणसं धरून २४ होतात.

चित्र उलटं करताना १८० अंशांत फिरवा. 'फ्लिप व्हर्टिकल' दाबलं की चेहऱ्याची आरशातली प्रतिमा होते आणि ते वेगळंच चित्र ठरतं. ही चूक सर्रास होते. स्लाइड बदलताना कुठलंही अ‍ॅनिमेशन नको. चेहरा पडद्यावर ८ सेंमी उंच आणि डोळे ६० सेंमीवर असले, की तो सुमारे साडेसात अंशांचा कोन करतो, तेवढा पुरे. मोबाईलवर प्रयोग घेऊ नका, लोक नकळत फोन फिरवतात. लॅपटॉपसमोरही मान वाकडी करतात, तेव्हा हनुवटीखाली पुस्तकांची चळत ठेवा आणि शेजारी बसून लक्ष द्या.

आधी सहा-आठ जणांवर चाचणी घ्या. सरळ चेहरे आणि सरळ घरं दोन्हींत सरासरी ९ ते १० गुण यायला हवेत. सगळ्यांना १२ पैकी १२ पडले तर वेळ २ सेकंदांवर आणा. घरांतच सहा-सात पडत असतील तर उलटी केल्यावर घसरायला जागाच उरत नाही आणि निकाल फसवा येतो. अशा वेळी अधिक वेगळी दिसणारी घरं शोधा. या चाचणीतली माणसं मुख्य प्रयोगात पुन्हा घेऊ नका.

हिशोब प्रत्येक माणसाचा वेगळा. समजा चेहरे सरळ १०, उलटे ७; घरं सरळ ९, उलटी ८. चेहऱ्यांची घसरण ३, घरांची १, आणि खरा निकाल म्हणजे यांतला फरक, २. स्प्रेडशीटमध्ये घसरणीचे दोन रकाने करा आणि जोडीचा टी-टेस्ट (दोन घसरणींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी गणिती चाचणी) लावा.

पोस्टरवर 'आम्ही मेंदूतला चेहऱ्यांचा भाग मोजला' असं लिहू नका. तो भाग मोजायला एमआरआय लागतो. नॅन्सी कॅनविशर, जोश मॅकडरमॉट आणि मार्विन चुन यांनी १९९७ मध्ये तेच केलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या फ्युसिफॉर्म नावाच्या वळीतला एक भाग इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देतो, बहुधा उजव्या बाजूला अधिक ठळकपणे, असं त्यांना आढळलं. तिथेही सारा आधार तुलनेचाच होता : चेहरे विरुद्ध इतर वस्तू, त्याच माणसात. तुम्ही मोजता ती वागणूक, आणि पोस्टरवर तेवढंच लिहा. कमी गुण पडले म्हणून कुणाला चेहरे न ओळखण्याचा आजार आहे, असं तर मुळीच सांगू नका, १२ जोड्यांवरून ते ठरत नाही.

पुढच्या वर्षी हाच आराखडा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारातल्या जाणकारांवर वापरण्यासारखा आहे. घरांच्या जागी खिलार बैलांचे एका बाजूने काढलेले फोटो घ्या. डायमंड आणि केरी या संशोधकांना १९८६ मध्ये कुत्र्यांच्या जाणकारांत कुत्र्यांच्या फोटोंसाठीही चेहऱ्यांइतकीच घसरण दिसली होती, नंतरच्या प्रयोगांत मात्र ती तेवढी मोठी मिळाली नाही. वाद अजून मिटलेला नाही. जाणकारांइतकेच बैलांची पारख नसलेले लोकही घ्या, आणि फोटो काढताना शिंगांचा रंग, झूल, गोंडे दिसणार नाहीत याची काळजी घ्या.