साथीच्या काळात पेसमेकरची तपासणी घरून: मॉनिटर असा लावा

२०२० च्या लॉकडाउनमध्ये एसटी आणि रेल्वे थांबली, तेव्हा गडचिरोली-गोंदियाकडच्या पेसमेकर आणि आयसीडीच्या (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं, छातीत बसवलेलं यंत्र) पेशंटसाठी नागपूरची फेरी अशक्यच झाली. ठरलेली तपासणी तरी मॉनिटरवरून, म्हणजे छातीतल्या यंत्राची माहिती घरून क्लिनिकला पाठवणाऱ्या डब्यावरून, होऊ शकते. तुमचं यंत्र त्याला चालतं का, हे डिव्हाइस कार्डावरचा मॉडेल नंबर सांगून क्लिनिकला विचारा.

मॉनिटर उशाशी, साधारण ३ मीटरच्या आत ठेवा. मोबाइलची रेंज नसेल तर खिडकीकडे सरकवा, पण कूलरवर किंवा त्याच्या ओलाव्यात नको. प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या पॉइंटला लावा आणि त्या बटणावर चिकटपट्टी मारा. झोपताना सवयीने बटण बंद करणारं घरात कुणीतरी असतंच.

बहुतेक मॉडेल रात्री झोपेतच माहिती पाठवतात. नागपूरच्या मे महिन्यात नेमकं इथेच बिघडतं: खाट गच्चीवर जाते, मॉनिटर खालीच राहतो आणि रिपोर्ट जात नाही. झोपायची जागा बदलली की मॉनिटरही हलवा. काही जुन्या यंत्रांना हातातला रीडर लागतो. तो यंत्राच्या जागेवर धरा आणि पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत हलवू नका. मोबाइल अ‍ॅप असेल तर ब्लूटूथ चालू हवं, बॅटरी सेव्हरमधून अ‍ॅप वगळलेलं हवं. फोन बदलला की जोडणी नव्याने करावी लागते.

क्लिनिककडून फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. कदाचित मॉनिटरचा संपर्कच तुटलेला असेल. ज्यांचा मॉनिटर जोडलेला नाही अशा पेशंटची ‘कनेक्ट नाही’ ही यादी क्लिनिकने दर आठवड्याला काढावी आणि पेशंटबरोबर नातेवाइकाचाही नंबर लिहून ठेवावा. मॉनिटरकडून येणाऱ्या अलर्टइतकीच ही यादी महत्त्वाची आहे.

रात्री दोनला रिपोर्ट गेला तरी तो तेव्हा कुणी पाहत बसलेलं नसतं. आयसीडीचा एक शॉक बसला आणि बरं वाटतंय, तर लगेच रिपोर्ट पाठवून क्लिनिकला फोन करा. २४ तासांत दोन किंवा जास्त शॉक, किंवा शॉकबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, भोवळ, असं असेल तर थेट १०८. साथीच्या भीतीने घरी थांबू नका. बॅटरी बदलायचा इशारा आला तर साधारण तीन महिने हाताशी असतात. घाबरू नका, पण तारीख लगेच ठरवा.

यंत्र बसवताना घातलेल्या टाक्यांची जागा मॉनिटरला दिसत नाही. तिथे लाली, सूज, पू दिसला तर घरी अँटिबायोटिक सुरू करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.