पूर ओसरल्यावर गोणीत भाजी कशी लावावी

गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं, यावर नाशिककर पुराची उंची ठरवतात. २०१९च्या ऑगस्टमध्येही तेच झालं. पाणी उतरलं की काठच्या वस्त्यांत शिधा येतो. त्यात गहू-तांदूळ, तेल, डाळ असते, पण ताजी भाजी नसते. ती दारातच पिकवता येते.

बियाण्याची पाकिटं वाटत सुटू नका. आधी घर बघा: ऊन किती तास येतं, पाणी कुठून भरतात, रोज लक्ष कोण देणार. कुठल्या घरात लहान मूल आहे, कुठे गरोदर बाई आहे, हे अंगणवाडी ताईंना पाठ असतं. सुरुवात त्या घरांपासून करा.

पुराच्या गाळात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून माती उंचावरून आणा. कांद्याची जुनी तागाची गोणी घ्या (जाळीची पिशवी नको, माती गळते). दोन पाट्या मातीला एक पाटी कुजलेलं शेणखत मिसळा. आपली काळी माती पाणी धरून बसते, त्यामुळे गोणीच्या मधोमध विटांच्या तुकड्यांचा उभा खांब रचत माती भरा आणि पाणी त्या खांबावरच ओता. वर बी पेरायचं, बाजूला भोकं पाडून रोपं खोचायची. द्राक्षबागेतले औषधाचे रिकामे ड्रम फुकट मिळतात. ते कितीही धुतले तरी भाजीला वापरू नका.

आता बियाणं. मेथी सगळ्यांना हवी असते, पण ऑगस्टच्या झडीत ती कुजते. तोवर लाल माठ पेरा. महिनाभरात खुडायला येतो. सोबत अंबाडी आणि चवळी. चवळीच्या शेंगांना दीड-दोन महिने लागतात, पण कोवळ्या पानांची भाजी त्याआधीच होते. पाऊस हटला की मेथी, पालक, मुळा. मेथीचं बी किराणा दुकानातलंही उगवतं; मूठभर ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का ते आधी पाहा.

भांडी विसळलेलं बिनसाबणाचं पाणी गोणीला चालतं. खुडलेली भाजी मात्र स्वच्छ पाण्यानं धुऊन, शिजवूनच खावी.

एवढ्यानं घराचं पोट भरत नाही, भाकरीसोबत कालवण होतं, म्हणून भाजी आली तरी शिधा बंद करू नका. माठाची दोन झाडं न खुडता तुऱ्यावर येऊ द्या. तुरे वाळले की चोळून बी काढा आणि शेजारच्या घरालाही द्या.